चौसष्ट नावं

माझ्याकडे एकशे बारा कॅसेटी होत्या. प्रत्येकीवर नंबर घातलेला, आणि प्रत्येकीत मराठी. रेडिओवर रविवारी दुपारी मराठी कार्यक्रम लागायचा. तो टेपरेकॉर्डरवर उतरवून घ्यायचा हा माझा नेम होता आणि घरात मयत झालं तरी तो मोडायचा नाही, असं बायको म्हणायची. भजनं, आरत्या, भाषणं, भारतातून आलेल्या पाहुण्यांच्या मुलाखती, सगळं माझ्याकडे होतं. त्यातलं निम्मं मला कळत नसे. हे त्या वेळी मी मेलो तरी कबूल केलं नसतं. मॉरिशसमध्ये, क्युरपिपच्या सरकारी कचेरीत मी कारकून होतो, आणि आमच्या लोकांत माझी ओळख मराठीचा जाणकार अशी होती. सभेला बोलावणं यायचं. मी पुढच्या रांगेत बसायचो आणि बाकीचे जिथे मान डोलावतील तिथे मान डोलवायचो.

आज हे मी नीटनेटक्या मराठीत लिहितो आहे ते नंतर रीतसर शिकलो म्हणून. तेव्हा आमच्या घरात इथली बोली, क्रेओल चालायची. आमच्या गावी, ब्रीझे वेर्दिएरला माझी आई होती, ती तेवढी सगळं मराठीत बोलायची. पणजोबांनी कोकणातून जी आणली होती तीच मराठी, मधे कुठे कोणाशी गाठ न पडता तशीच राहिलेली. मला ती गावंढळ वाटायची. माझ्या कॅसेटींतली मराठी वेगळी, इस्त्री केलेली. आईची भाषा उतरवून घ्यावी असं एकशे बारांपैकी एकाही कॅसेटीच्या वेळी माझ्या मनात आलं नाही.

मला एकच हवं होतं. माझी मुलगी तेव्हा तेरा वर्षांची होती, आणि तिनं माझ्याशी मराठीत बोलावं. मी मराठीत विचारायचो, ती क्रेओलमध्ये उत्तर द्यायची. कळायचं तिला सगळं. पण तोंडातून शब्द काढायची नाही. मी चिडलो की आणखीच गप्प. माझा राग नाकावर, तिचा पोटात. बायको आम्हा दोघांच्या मधे ताटं मांडत फिरायची.

आणि त्यात तो कॉम्प्युटर आला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी माझा मेहुणा लंडनहून आला, त्यानं भाचीला तो आणला. काळी, लहानशी, जेवणाच्या ताटाएवढी वस्तू. तिला टीव्ही जोडायचा आणि माझा टेपरेकॉर्डर जोडायचा, कारण खेळ कॅसेटीतून यायचा आणि खेळात आपण कुठवर पोचलो तेही कॅसेटीवरच उतरवून ठेवावं लागायचं. म्हणजे माझा टेपरेकॉर्डर. आठवडाभर तिचा, रविवारी दुपारी माझा, असा तह झाला. क्युरपिपला पाऊस असतोच, मुलं घरात कोंडलेली असतातच. दुपारी शाळेतून आली की ती टीव्हीसमोर पाय दुमडून बसायची, आणि टेपरेकॉर्डरमधून खरखर, चिरचिर असा आवाज निघायचा. तो ऐकला की माझ्या डोक्यात तिडीक जायची.

खेळ प्राणी पकडण्याचा होता. पहिल्या भागात वीस होते, ते तिनं महिन्याभरात संपवले. मग मेहुण्यानं दुसरा भाग पोस्टानं पाठवला, त्यात चौसष्ट. हे प्राणी जगात कुठेच नसलेले. चौकोनी ठिपक्यांचे बनलेले, कोणाला सहा पाय, कोणाच्या पाठीवर काटे, कोणी दगडासारखा पडून राहणारा. रानात हिंडायचं, जाळं टाकायचं. प्राणी सापडला की त्याला नाव आपण द्यायचं, आणि पुढे तो हवा असला की ते नाव अचूक टाइप करायचं. यंत्र यादी दाखवत नसे. नाव चुकलं की तो निघून जायचा. शेवटी एक दार होतं. तिथे एकेक प्राणी समोर यायचा आणि त्याला नावानं हाक मारायची. चौसष्टच्या चौसष्ट हाका बरोबर आल्या तर पडद्यावर लिहून यायचं की तुम्ही उस्ताद झालात. तीन चुकल्या की सगळे पळाले.

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त भांडण ऐकलं होतं. शेजारचा एक मुलगा, तिच्याच वयाचा, त्याच्याकडेही तोच खेळ होता आणि तो तिच्या आधी उस्ताद झाला होता. सांगायला आला. तिनं विचारलं, नावं काय दिलीस? तो म्हणाला, एक, दोन, तीन, चार. पकडले त्या क्रमानं नंबर.

"मग तू कसला उस्ताद?" ती म्हणाली. क्रेओलमध्येच, पण इतकी मोठ्यानं की मी पेपर खाली ठेवला. "तुला त्यातलं कोण ओळखतं?"

तो म्हणाला, पडद्यावर आलंय ना, मग झालं. ती म्हणाली, पडद्याला काय कळतं. सगळे गोळा केले म्हणजे उस्ताद नाही, प्रत्येकाला त्याचं असं नाव हवं, ते त्याच्याकडे बघून सुचलेलं हवं, आणि कुठे लिहून न ठेवता आठवायला हवं. वहीत लिहिलं तर ती चोरी. तो हसून गेला. मीही मनात हसलो. नंबर घातलेल्या एकशे बारा कॅसेटींच्या कपाटाला पाठ टेकून बसलो होतो आणि हसलो.

त्या दिवसांत ती गावाला यायला लागली होती. आधी नकोच म्हणायची, बस लागते म्हणायची. आता एक रविवार सोडून एक रविवार सकाळी तीच आधी तयार. सांत्र द फ्लाकला बस बदलून आम्ही ब्रीझे वेर्दिएरला पोचलो की ती थेट आजीकडे, मागच्या अंगणात. आई भाजी निवडत असायची, ही शेजारी बसायची. मी ओटीवर भावकीतल्या माणसांशी मराठी भाषेच्या भवितव्यावर बोलत असायचो. मागून आईचं बोलणं तुटक ऐकू यायचं. "काय गो बाय, पाय किती म्हणालीस? आनि अंगावर केस का काटे?" मला वाटलं, आजीला खेळाची टकळी लावून पिडते आहे. एकदा मी तिला दटावलंही, आजीला जरा सुखानं बसू दे म्हणून. आई म्हणाली, "तू गप ऱ्हा रे." मी ओटीवर परत गेलो आणि दुपारच्या बसनं कार्यक्रमाच्या वेळेला घरी पोचलो.

आता त्या रविवारचं सांगतो. त्या दिवशी आम्ही गावाला गेलो नव्हतो. सकाळी आमच्याकडे मराठी सभेची दोन माणसं आली होती. मी मुलीला त्यांच्यासमोर उभी केली आणि मराठीत म्हणालो, पाहुण्यांना तुझ्या शाळेबद्दल सांग. ती उभी राहिली. मी पुन्हा म्हणालो. तिनं क्रेओलमध्ये "बोंझूर", नमस्कार, एवढं म्हटलं आणि आत गेली. पाहुणे समजूतदारपणे हसले. ते हसणं मला फार लागलं. माणसं गेल्यावर मी तिला नाही नाही ते बोललो. तू आमची नाहीस, इथवर बोललो. ती ऐकून घेऊन बायकोबरोबर बाजारात गेली.

कार्यक्रमाची वेळ झाली. कोरी कॅसेट घरात नव्हती. टेपरेकॉर्डरमध्ये तिची कॅसेट होती. मी काढली. तिच्यावर तिनं लिहिलं होतं, "पा तूस", हात लावू नका. आणि वरच्या कडेचं प्लॅस्टिकचं टोक मोडून टाकलेलं होतं. कॅसेट वापरलेल्या सर्वांना ठाऊक असेल, ते टोक मोडलं की तिच्यावर दुसरं काही उतरत नाही. त्यावर एक तोडगाही आहे. त्या भोकावर चिकटपट्टीचा तुकडा लावला की कॅसेट पुन्हा कोऱ्यासारखी होते. मी त्यात तरबेज होतो. जुन्या हिंदी गाण्यांच्या किती कॅसेटी मी अशा चिकटपट्टी लावून मराठी करून घेतल्या होत्या. माझ्या कपाटातल्या निम्म्या तशाच होत्या.

घरच्यांना मी नंतर सांगितलं की घाई झाली, लक्षात आलं नाही. ते खोटं आहे. मी ते टोक मोडलेलं पाहिलं. तिचं अक्षर वाचलं. कात्री घेतली, पट्टी कापली, नखानं दाबून नीट बसवली. ह्याला घाई म्हणत नाहीत. मी डोक्यात राख घालून घेतली होती आणि मला वाटत होतं की मी तिचा एक खेळ पुसतो आहे आणि त्या जागी मराठी ठेवतो आहे, म्हणजे बापाचं कर्तव्यच करतो आहे. मग बटण दाबलं. त्या दिवशी जे भजन लागलं ते माझ्याकडे आधीच होतं. एकाहत्तर नंबर.

ती बाजारातून आली, कॅसेट हातात घेतली, पट्टी पाहिली. मला वाटलं आरडाओरडा करेल. तिनं कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घातली आणि लावली. भजन वाजायला लागलं. ती उभ्यानं ऐकत राहिली, दोन कडवी, तीन कडवी, जणू त्याखालून काही ऐकू येईल. मग माझ्याकडे वळून ओरडली. आणि मराठीत ओरडली.

"माझा तरस होता त्यात! माझी साळू होती! फुरसं होतं!"

मला तरस म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मराठीच्या जाणकाराला. फुरसं तर मी जन्मात ऐकलं नव्हतं. ती आत गेली आणि दार लावून घेतलं, आणि जे काय होतं ते बायकोनं मला भाजीची पिशवी रिकामी करता करता सांगितलं. तिला सगळं माहीत होतं. चौसष्ट प्राण्यांना मुलीनं आजीकडून नावं घेतली होती. ही प्राण्याचं वर्णन करायची, पाय किती, कसा चालतो, घाबरला की काय करतो, आणि आजी विचार करून म्हणायची, मग ते हे असणार गो. पुढच्या शनिवारी आजीला क्युरपिपला आणायचं ठरलं होतं. तिच्यासमोर त्या शेवटच्या दारात मुलगी चौसष्ट हाका मारणार होती.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"तुम्हाला दाखवायचं नव्हतं तिला," बायको म्हणाली. "तुम्ही चुका काढल्या असत्या."

मी काढल्याच असत्या. त्या दुपारी मला पहिल्यांदा हिशेब लागला. मॉरिशसमध्ये तरस नाही, साळू म्हणजे साळिंदर नाही, फुरसं नाही. माझ्या आईनं ह्यातलं काही पाहिलेलं नव्हतं, तिच्या आईनंही नाही. जे जनावर इथे नाही त्याचं नाव आमच्या बायका शंभरावर वर्षं एकमेकींना देत आल्या, नुसत्या गोष्टींतून, मुलांना भिववण्यासाठी, शिव्या देण्यासाठी. त्या नावांना अंगच उरलं नव्हतं. आणि माझ्या मुलीनं त्यांना अंग शोधून दिलं होतं, ठिपक्यांचं का होईना. मी इतकी वर्षं मराठीच्या नावानं जे काही केलं त्यात ह्याच्या जवळपास जाईल असं काही नाही. ते मी पुसलं. चिकटपट्टी लावून.

मी माफी मागितली. दाराबाहेर उभा राहून, आधी मराठीत, मग क्रेओलमध्ये. दुसऱ्या दिवशी म्हणालो, पुन्हा पकडू आपण, मी बसतो तुझ्याबरोबर, प्राणी तेच आहेत ना? ती म्हणाली, "मो पा ले." मला नको. कॉम्प्युटर तिनं खोक्यात घालून पलंगाखाली सारला. शेजारच्या मुलाला शेवटी देऊन टाकला. गावालाही यायचं तिनं बंद केलं. आजीला शनिवारी आणलं नाही, आणि का आणलं नाही ते आजीला कोणी सांगितलं नाही.

मग मला सुचलं की शब्द तर आईकडे आहेत. पुढच्या रविवारी मी एकटाच टेपरेकॉर्डर घेऊन ब्रीझे वेर्दिएरला गेलो. कोरी कॅसेट, नवी, वेष्टनातली. आई मागच्या अंगणात होती. मी यंत्र तिच्यासमोर ठेवलं, बटण दाबलं आणि म्हणालो, "आये, जनावरांची नावं सांग."

"कसली?"

"सगळी. तुला येतात ती. पोरीला सांगितलीस ती."

ती यंत्राकडे बघत राहिली. "बेडूक," ती म्हणाली. "पाल. विंचू." मग थांबली. बराच वेळ गेला. "असां मागून येत नाय रे," ती म्हणाली. "ती पोर इचारते तवा येतां. कसला दिसता ता सांग, मग सांगते."

मला कसं सांगता येणार? मी एकही प्राणी पाहिला नव्हता. कित्येक महिने माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर ते टीव्हीवर हिंडत होते आणि मी पेपर आडवा धरून बसलो होतो. मी आपलं काहीतरी सांगायला लागलो, चार पाय, शेपूट. आई म्हणाली, असली तर छप्पन असतात. मग मलाच विचारलं, "बाय का नाय आली?" मी अभ्यास आहे म्हणालो. तिला ते पटलं नाही. यंत्र चालूच होतं. त्या कॅसेटीवर तीन शब्द, बरीच शांतता आणि माझं खोटं आहे.

पुढे मी मुलीला घेऊन जायला हवं होतं. पाय धरायला हवे होते तिचे. पण बापाचा ताठा, आणि तिचाही माझ्यावर गेलेला हट्ट. आज जाऊ, पुढच्या वेळी जाऊ, तिचा राग उतरू दे. दोन महिन्यांनी आईला झटका आला आणि तिची वाचा गेली. ती वर्षभर जगली, माणसं ओळखायची, हात धरून ठेवायची. मुलगी मग यायला लागली, आजीपाशी बसायची. दोघी काही बोलत नसत. एक बोलू शकत नव्हती आणि दुसरीला आता विचारायचं नव्हतं. बाराव्याला जमलेल्या बायका म्हणाल्या, म्हातारीबरोबर तिचं बोलणंही गेलं. मी मान खाली घातली. माझ्या मनात मात्र एक होतं, आणि त्यावर मी तगून होतो.

शब्द गेले नव्हते. मुलीला चौसष्टच्या चौसष्ट पाठ होते. लिहून न ठेवता आठवायचे हाच तर तिचा नियम होता. ती रागावून ते धरून बसली होती, मला देत नव्हती, आणि देऊ नयेच. मी तेवढ्या लायकीचा नव्हतो. पण ते होते. जेवताना ती समोर बसली की मला वाटायचं, ह्या कपाळामागे तरस आहे, साळू आहे, फुरसं आहे, आणखी एकसष्ट आहेत ज्यांचं मला नावही माहीत नाही. तिचा अबोला मला जड जायचा, पण तो तुटू नये असंही वाटायचं. राग आहे तोवर आठवण आहे. अशी मी तीन वर्षं काढली. ह्याच काळात मी रीतसर मराठी शिकलो, व्याकरण, शुद्धलेखन सगळं. शब्दकोश आणला. त्यात तरस सापडला, साळू सापडली. शब्दकोशात जनावरं शेकड्यांनी आहेत. त्यातली आईची कोणती ते शब्दकोशाला माहीत नाही.

तिला पुढच्या शिक्षणाला फ्रान्सला जायचं होतं. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी ती कपडे भरत होती. मी तिच्या खोलीच्या दारात उभा राहिलो. इतक्या वर्षांत मी तो विषय काढला नव्हता. म्हणालो, एक मागतो. दे, नाहीतर देऊ नको. आजीची ती नावं.

मला वाटलं तिचा चेहरा दगड होईल. ती जरा गोंधळली. मग तिला आठवलं आणि ती हसली. "तो खेळ? पापा, तुम्ही अजून त्यातच?" तिनं बॅग बाजूला सारली, मला पलंगावर बसवलं, आणि बोटं मोजायला लागली. मनापासून. डोळे मिटून, ओठ हलवत. बेडूक. पाल. विंचू. गोम. कासव. मुंगूस, नाही का? थांबा हं. घार. सरडा. आठ झाले. नववं बोट तिनं उचललं आणि ते तसंच राहिलं. खूप वेळ तिनं प्रयत्न केला. कपाळाला आठ्या पडल्या. मी तिला म्हणणार होतो की पुरे.

"मो पा रापेल," ती म्हणाली. आठवत नाही.

माझं तोंड बघून तिला वाईट वाटलं असावं. तिनं माझा हात हातात घेतला, थोपटला, आणि "पा ग्राव, पापा," म्हणाली, एवढं काही नाही त्यात. अगदी मायेनं म्हणाली. तिच्या आवाजात राग कुठेच नव्हता. कधीचा नव्हता, कोण जाणे. मग ती उठली आणि राहिलेले कपडे भरायला लागली, आणि मी तिला घड्या घालून द्यायला लागलो.